हिशोबात न धरलेला खर्च

(1994 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, धारूर येथे केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन करून मला विषय दिला होता, ‘आयटी क्षेत्रातील संधी’. मी म्हटलं, तीस वर्षांनी भेटतोय, आणि संधी काय त्या आपल्या पोरांना मोबाईलवर आपल्या आधी दिसतात. मला दुसरं काही सांगायचंय. त्यांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. तेव्हा पुढची पंधरा मिनिटं मी शेतीच्या अर्थशास्त्रावर बोलणार आहे. हसू नका. गणिताचे सर समोर बसलेत आणि तेच सगळ्यात जास्त हसतायत, कारण चक्रवाढ व्याजाचं उदाहरण मला एकदाही वेळेत सुटलं नव्हतं हे त्यांना माहीत आहे.

मी इंजिनिअर. गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. राहते पिंपळे सौदागरला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तुमच्यातल्या अनेकांसारखी मीही गावाकडे आले आणि अण्णांच्या माडीवर लॅपटॉप मांडून बसले. तेव्हा आपल्याच बॅचचा एक मित्र घरी आला. नाव घेतलं तर तो उठून जाईल. तो कृषी महाविद्यालयात कृषी अर्थशास्त्र शिकवतो. म्हणाला, “पोरं गावोगाव फिरून सर्व्हे करून आणतात, पण आकड्यांचं पुढं काय करायचं ते येत नाही. शनिवारी येऊन एक्सेल शिकवशील का?” मी हो म्हटलं. एक्सेल शिकवायला गेले, आणि त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मीच शिकायला लागले. आता चौथं वर्ष चालू आहे. महिन्यातले दोन शनिवार मी पाहुणी म्हणून तास घेते. परीक्षेच्या दृष्टीनं मी फार कामाची नाही, पण पोरं मला ‘मॅडम’ म्हणतात.

आपल्याकडे या विषयाची गंमत सांगते. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 साली, ऐन दुष्काळात निघालं. त्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एका खेड्याचा घरोघर अभ्यास केला: कुणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, घराचा जमाखर्च काय. 1917 साली त्याचं पुस्तक निघालं. खेड्यांच्या अशा आर्थिक पाहणीची आपल्या देशातली ती सुरुवातीची कामं. आणि ते खेडं कोणतं? पिंपळे सौदागर. मी इतकी वर्षं ज्या जमिनीवरच्या फ्लॅटचे हप्ते भरले, तिथल्या शेतकऱ्यांचं कर्ज कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, आणि मला ते आपल्या मित्राच्या वर्गात कळलं.

तर तिथे शिकवतात काय? पहिला धडा साधा. पीक काढायला खर्च किती आला? आपण म्हणू, बियाणं, खत, औषध, मजुरी, डिझेल. खिशातून गेलेला पैसा. या थराला ‘ए-टू’ म्हणतात. पण घरची माणसं राबली त्यांचं काय? त्यांची मजुरी धरली की तो ‘ए-टू अधिक एफएल’. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतः घातलेल्या भांडवलाचं व्याजही धरलं की ‘सी-टू’. टीव्हीवर हमीभावाचं जे भांडण चालतं त्यातलं निम्मं या थरांचं आहे. 2018 च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, ती ए-टू अधिक एफएलच्या दीडपट. शेतकऱ्यांच्या अनेक संघटना मागतात ती सी-टूची दीडपट. पीक तेच, शेतकरी तोच. कुठला खर्च धरायचा एवढाच प्रश्न, आणि त्या प्रश्नावर भाव ठरतो.

शेवटच्या वर्षाची पोरं कृषीदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात राहायला जातात. तिथं हा हिशोब भरून आणायचा असतो. एक मुलगी स्वतःच्याच घरचा फॉर्म घेऊन आली. म्हणाली, “मॅडम, वडिलांचे दिवस लिहिले. आईचे तास काय लिहू? रात्रीची लाईट असली की पाणी आईच धरते. पण विचारलं तर म्हणती, मी कुठं काय केलं?” मी तिला सांगितलं, आईला विचारू नकोस, आईबरोबर आठवडाभर उठ आणि घड्याळ बघून लिही. आठ दिवसांनी तिनं कागद आणला. आईचे तास वडिलांपेक्षा जास्त भरले होते. वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या फॉर्मकडे बघत होते.

त्या कागदावरून मला आपला वर्ग आठवला.

आठवतंय का, पाचवीत आपण साठावर होतो. एका बाकावर चौघं. दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो मघाशी पडद्यावर दाखवला, त्यात मोजा, अडतीस आहेत. बाकीचे कुठे गेले? आपल्याला माहीत आहे. दिवाळीची सुट्टी संपायची आणि बाक मोकळे व्हायचे. ट्रकमध्ये बैल, भांडी, कोंबड्या आणि आपले मित्र. कोल्हापूर, सांगली, नगर, कर्नाटक. मुकादमाची उचल घेतलेली असायची आणि ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. उसाच्या पट्ट्यात आपल्या माणसांना माणूस म्हणून मोजत नाहीत, कोयता म्हणून मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आणि मोळ्या बांधू लागणारं बारा वर्षांचं पोरगं कशातच नाही.

माझ्या शेजारी पाचवी ते सातवी एकच मुलगी बसायची. ती आज मंडपात आहे आणि तिला विचारूनच मी बोलतेय. नाव घेऊ नको म्हणाली, म्हणून घेत नाही. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि गणित तर फारच चांगलं होतं. सातवीत दिवाळीनंतर ती गेली, ती परत वर्गात आली नाही. आपल्या वर्गशिक्षिका बाईंनी तिचं नाव कमी केलं नाही. रोज तिचा नंबर पुकारायच्या, क्षणभर थांबायच्या, मग पुढचा. बाई, तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं, कारण त्या थांबण्यात मी दर वेळी रिकाम्या जागेकडे बघायची.

आता वर्गात उसाचा हिशोब शिकवताना हे सगळं कुठे बसवायचं? कारखान्याचा उसाचा भाव ठरतो, त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, उरलेलं शेतकऱ्याला. कागद स्वच्छ आहे. तोडणीचा खर्च त्यात आहे. पण सुटलेल्या शाळेचा रकाना नाही. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. कामावर एक दिवस चुकला तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापतात. म्हणजे दुखण्यातल्या दिवसाची किंमत मुकादमाच्या वहीत होती, दुखण्याची किंमत कुठेच नव्हती. अर्थशास्त्रात याला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. व्यवहार दोघांचा, आणि त्याची किंमत भरतो तिसराच. साखर स्वस्त असते ती अशी.

इथपर्यंत मी फार आत्मविश्वासानं शिकवत होते. बाह्य परिणाम करणारे कोण, तर कारखाना, मुकादम, सरकार. दुसरे लोक.

मग पाण्याचा धडा आला.

आपल्याकडे सरासरी पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही चांगल्या वर्षी. उसाला वर्षाकाठी दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. मी पोरांना म्हटलं, करा उदाहरण. दोन हजार धरले तर एका एकराला साधारण 80 लाख लिटर. साडेसहाशे मिलिमीटर पावसात एका एकरावर पडतं 26 लाख लिटर. म्हणजे एक एकर ऊस तीन एकरांवरचा पाऊस पितो, तोही एकही थेंब ओढ्याला गेला नाही असं धरून. प्रत्यक्षात आपल्या काळ्या खडकात मुरतं ते फार थोडं. वरच्या मुरमाच्या आणि फुटलेल्या खडकाच्या थरात जे साठतं, त्यावर आपल्या विहिरी. खालच्या भेगांमध्ये शेकडो वर्षांचं थोडंफार. ते उपसलं की लवकर भरत नाही.

हे नुसतं फळ्यावर राहू नये म्हणून पोरांना विहिरींची नोंद करायला लावली. गाव मुद्दाम माझंच निवडलं, सोय म्हणून. प्रत्येक विहीर कधी खोदली, किती खोल, कुठल्या वर्षी आटली. प्रत्येक बोअर कधी, किती फूट. सगळं नकाशावर टाकलं. ते माझंच काम होतं. मी आटलेल्या विहिरींना लाल ठिपके दिले आणि वर्षांचं बटण सरकवलं. 2012 ला थोडे लाल. 2013 ला पाऊस बरा झाला, ठिपके कमी झाले. 2014, 2015 ला शिवार लाल झालं. आणि आमच्या मळ्याच्या भोवतीचे तीन ठिपके सगळ्यांच्या आधी लाल झाले. मधोमध एक बोअर होता. मे 2013, 420 फूट. तो माझा.

तो बोअर का घेतला, तेही सांगते. 2012 चा पाऊस गेला आणि अण्णांची मोसंबीची बाग वाळायला लागली. पंधरा वर्षांची झाडं. अण्णा फोनवर कधी रडत नाहीत, त्या दिवशी नुसते गप्प राहिले. मी बोनसचे पैसे पाठवले. पहिले दोन बोअर कोरडे गेले, तिसऱ्याला पाणी लागलं. निम्मी बाग वाचली. मला वाटलं, लेकीनं काहीतरी केलं. पुढच्या वर्षी त्या पाण्यावर अण्णांनी एक एकर ऊसही लावला. 60 मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल बोअरवर बंधन घालणारा भूजल कायदा राज्यात लागू झाला तो 2014 साली. माझा बोअर त्याच्या आधीचा. कायद्यानं मी सुटते.

तीन लाल ठिपक्यांतला एक माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा होता. तिचं सासर आमच्या बांधाला लागून. नवरा-बायकोनं बारा हंगाम ऊस तोडून 2005 साली विहीर खोदली होती आणि कोयता खाली ठेवला होता. दोन एकरांत ज्वारी, तूर, थोडी भाजी. 2015 च्या फेब्रुवारीत विहीर आटली आणि दिवाळीला त्यांनी पुन्हा उचल घेतली. हे सगळं मला माहीत नव्हतं. मी पुण्याहून यायची, मोसंबी पिशवीत भरायची आणि जायची.

ती विहीर माझ्यामुळेच आटली असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. दुष्काळ होता, आणखी बोअर होते. मी स्वतःला हे पुष्कळ वेळा सांगून बघितलं. पण खडकाच्या एकाच भेगेतलं पाणी दोघांना असेल, तर जो खोल जातो त्याला मिळतं, आणि खोल जायला पैसा लागतो. माझ्याकडे पगार होता. तिच्याकडे उचल होती.

मी तिच्या घरी गेले. ओट्यावर बसून नकाशा दाखवला. तिनं बघितला आणि म्हणाली, “अगं, हे आम्हाला तवाच ठाव होतं की. तुमची मोटर चालू झाली की आमच्या हिरीत कळायचं.” मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? “काय बोलणार? तुमची बी बाग जळत होती. आणि बोलून काय पाणी वर येणार होतं?” मग थोडं थांबून म्हणाली, “माफी बिफी नको मागूस. आठवड्याला दोन रात्री मोटर आमच्याकडं फिरव. तुरीला अन् ज्वारीला तेवढं बास.”

मी अर्थशास्त्राचे ग्रंथ वाचत होते तेव्हा. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. त्यांची पीएचडी कॅलिफोर्नियातल्या भूजलावर होती. लोक एकाच पाण्यावर अवलंबून असतील तर भांडून ते संपवतीलच असं नाही, स्वतः नियम करून राखूही शकतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणं घेऊन दाखवलं. आणि आपल्याकडे विलासराव साळुंखे. तेही इंजिनिअर, पुण्यात कारखाना चालवणारे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला त्यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम काय, तर पाणी जमिनीच्या हिशोबानं नाही, घरातल्या माणसांच्या हिशोबानं. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. हे सगळं मी वाचून, टिपणं काढून बसले होते. माझ्या मैत्रिणीनं सातवीपर्यंतच्या शाळेवर एका वाक्यात नियम सांगितला.

अण्णांना पटवणं अवघड गेलं. त्या वेळी शेजाऱ्यांनी कुरकूर केली तेव्हा अण्णा म्हणाले होते, “पाणी काय सातबाऱ्यावर लिहिलंय का कुणाच्या?” मी तेच वाक्य त्यांना परत ऐकवलं. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी स्वतःच पाईप अंथरून दिला. ऊस मोडला. पोरांनी येऊन ओढ्याचं पाणी गाळून तिच्या विहिरीत सोडायची सोय केली.

सगळं गोड झालं असं समजू नका. 2023 ला पाऊस ओढला, तेव्हा फेब्रुवारीत अण्णांनी न विचारता दोन रात्रींची एक केली. तिच्या नवऱ्याचं आणि अण्णांचं बांधावर जोरात वाजलं. मी पुण्याहून फोनवर दोघांच्या शिव्या खाल्ल्या. त्या वर्षी मागची उचल फिटायची होती म्हणून ती दोघं फडावरही गेली. पण आता एका वहीत मोटरीचे तास लिहिले जातात, आणि वही तिच्याकडे असते. म्हटलं ना, गणित तिचंच चांगलं होतं. यंदा पाऊस बरा झाला. यंदा त्यांनी उचल घेतली नाही. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही.

आता शेवटचं, आणि हे आपल्या सगळ्यांसाठी.

या मेळाव्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप केला तेव्हा मी तिला घ्यायला सांगितलं. उत्तर आलं, “ती आपल्या बॅचची नाही, यादी दहावीच्या रजिस्टरवरून केली आहे.” ज्यानं उत्तर दिलं त्याची काही चूक नाही. मीही तशीच केली असती. पण चार वर्षं हाच धडा शिकवतेय, म्हणून कानाला खटकलं. जो रकाना छापलेला नसतो, त्यातली माणसं आपण मोजत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपली यादी पाचवीच्या हजेरीवरून करू या. साठ नावं. जे गेले ते कुठे आहेत, ते शोधू. काही फडावर असतील, म्हणून पुढचे मेळावेही आजच्यासारखे दिवाळीच्या सुट्टीतच घेऊ, गाड्या निघायच्या आधी. आणि आज जी देणगी जमली आहे त्यातून भिंतीला रंग देण्याआधी एवढं बघू, की यंदा दिवाळीनंतर आपल्या शाळेतले किती बाक मोकळे होणार आहेत, आणि त्या पोरांना आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायला नेमकं काय लागतं. हिशोब मी मांडून देते. एक्सेल मला येतं.

बाई, एक विनंती आहे. मघाशी तुम्ही गंमत म्हणून आमची हजेरी घेतलीत. सातवीचा नंबर सतरा राहिला. तो पुकाराल का? ती मागे, खांबाजवळ बसली आहे.